तीन दिवसांचं रीयुनियन, अठरा दिवसांचं शूटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटात काम करणाऱ्या एका मराठी सहायक दिग्दर्शकाकडे एका आफ्रिकन-अमेरिकन लेखिका-दिग्दर्शिकेचा पहिला स्वतंत्र चित्रपट आला आहे. जॉर्जियातल्या एका गावातलं आजीचं घर, जुलै महिना, तीन दिवसांचं फॅमिली रीयुनियन, म्हणजे सगळ्या कुटुंबाचं संमेलन. पटकथा ९२ पानांची, बोलणारी पात्रं २२, बजेट अडीच लाख डॉलर, शूटिंगचे दिवस १८. शनिवारच्या जेवणाचा प्रसंग सलग सात पानांचा आहे आणि शेवटी आजीच्या मुलीवर आरोप होऊन भांडण पेटतं. हे बसवायचं कसं, आणि फसतं कुठे?

फसतं ते बहुतेक एकाच जागी. पडद्यावर माणसं पुष्कळ दिसतात, पण कुटुंब दिसत नाही. भांडणाचा प्रसंग चांगला होतो, कारण त्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पण मागच्या खुर्चीवर बसलेली बाई कोणाची कोण, हे तिला स्वतःलाच माहीत नसतं आणि ते कॅमेऱ्याला लगेच कळतं. म्हणून कॉल शीट (दिवसाचं वेळापत्रक), लेन्स, माइक, ताटं या सगळ्याच्या आधी नात्यांचा तक्ता करा.

तक्त्यात बोलणारी पात्रं आणि चाळीसेक ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे साठेक माणसं येतील. प्रत्येकापुढे लिहा: पिढी, मूळ जोडप्याच्या कोणत्या मुलाची शाखा, आता राहतो कुठे, आजीच्या घरी शेवटचा कधी आला होता, कोणाशी बोलणं टाकलं आहे, आणि शूटिंगच्या कोणकोणत्या दिवशी लागणार. पटकथेत सगळीकडे 'कझिन' एवढाच शब्द असेल. इथे आपली भाषा उपयोगी पडते. स्वतःच्या प्रतीत आतेभाऊ, मावसबहीण, चुलत पुतण्या, नातसून असं नेमकं लिहा. असं लिहिताना पटकथेतल्या चुका आपोआप वर येतात: एकाच पात्राला दोन ठिकाणी दोन वेगळे बाप, किंवा आजीच्या धाकट्या भावापेक्षा वयाने मोठा असलेला नातू. मात्र सेटवर ही नावं नेऊ नका. तिथे बिग मामा, आंटी, अंकल, कझ हेच चालतं. रक्ताचं नातं नसलेला पण जन्मभर त्या घरात वाढलेला तो 'प्ले कझिन', आणि त्याला परका म्हणून चित्रित केलंत तर चूक होईल. दक्षिणेत शेजारच्या म्हाताऱ्या बाईला तिशीतला माणूस नुसत्या नावाने हाक मारत नाही, नावाआधी 'मिस' लावतो. संवादात ते सुटलं असेल तर दिग्दर्शिकेच्या नजरेला आणून द्या. उत्तरेतल्या शहरात वाढलेल्या नातवाच्या तोंडून ते मुद्दामही सुटलेलं असू शकतं, आणि मग आजीने त्याच्याकडे कसं पाहिलं हा एक शॉट तुमच्या यादीत हवा.

हे संमेलन म्हणजे नुसती सहल नाही, हे सगळ्या युनिटला माहीत असायला हवं. गुलामगिरी १८६५मध्ये संपली तेव्हा विकून ताटातूट केलेल्या आई, भाऊ, मुलांचा शोध लोकांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींतून सुरू केला. न्यू ऑर्लीन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'मध्ये 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदरच होतं आणि पाद्री ते चर्चमध्ये वाचून दाखवत. पुढे १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसकडे गेली. उन्हाळ्यात मुलांना आजीकडे धाडायची रीत तिथून घट्ट झाली. जानेवारी १९७७मध्ये गुलामगिरीपासूनच्या एका कृष्णवर्णीय घराण्याची 'रूट्स' ही मालिका ओळीने आठ रात्री दाखवली गेली आणि घराण्याचा इतिहास शोधण्याला, रीयुनियन भरवण्याला मोठा जोर आला. १९८६पासून डोरोथी हाइट यांच्या नेतृत्वाखाली 'नॅशनल काउन्सिल ऑफ निग्रो विमेन'ने वॉशिंग्टनमध्ये जाहीर 'ब्लॅक फॅमिली रीयुनियन' सुरू केलं. घरच्या रीयुनियनचा साचा साधारण असा असतो: शुक्रवारी संध्याकाळी नावनोंदणी आणि तळलेले मासे, शनिवारी उघड्यावर जेवण आणि खेळ, रात्री सजून मेजवानी, रविवारी चर्च, मग जेवण आणि निरोप. समिती असते, वर्गणी असते, हिशेब असतो, पुढच्या वेळी यजमान शहर कोणतं यावर वाद असतो. नोंदणीच्या टेबलावर वर्गणी न भरलेला भाऊ आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेली वहिनी एवढ्यावर एक पूर्ण प्रसंग उभा राहतो. पटकथेत हे टेबल नसेल तर सुचवा. खर्च जवळजवळ शून्य आणि पहिल्या दहा मिनिटांत अर्धं कुटुंब प्रेक्षकाला ओळखीचं होतं.

टी-शर्ट हा तुमचा सगळ्यात स्वस्त कथनकार आहे. पुढे आडनाव, गाव आणि वर्ष, पाठीवर वंशवृक्ष. बऱ्याच कुटुंबांत शाखेप्रमाणे रंग वेगळे असतात. चार शाखा, चार रंग एवढं केलंत की कोण कोणाच्या बाजूने उभा आहे हे लांबच्या शॉटमध्येही कळतं. रंग निवडताना मोहरी, विटकरी, गडद निळा-हिरवा, जांभळा असे घ्या. पांढरा टाळा. गडद त्वचेशेजारी पांढरा कापूस उन्हात इतका उजळतो की एक्स्पोजर कपड्यासाठी लावावं की चेहऱ्यासाठी असा पेच पडतो. (समुद्रकाठी पांढऱ्या वेशातल्या बायकांचं फार सुंदर चित्रण 'डॉटर्स ऑफ द डस्ट' या चित्रपटात झालेलं आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. पण तिथे सगळी दृश्यरचनाच त्या पांढऱ्याभोवती होती.) मुख्य नटाला एकाच शर्टाच्या चार प्रती, बाकी बोलणाऱ्यांना दोन, ज्युनिअर आर्टिस्टना एक, आणि प्रत्येक मापाचे दोन-तीन जास्तीचे. जुलैत घाम आणि बार्बेक्यू सॉस या दोन गोष्टी दिवसाला एक शर्ट खातात. वेशभूषेची माणसं सवयीने कपडे जुने करून आणतात. इथे तसं करू नये. रीयुनियनचा शर्ट कालच खोक्यातून निघालेला, घडीच्या रेषा असलेला असतो. विटलेला शर्ट एखाद्या काकाच्या अंगावर, मागच्या रीयुनियनचं वर्ष छापलेला असू द्या.

आता आकडे. सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघटनेचा 'अल्ट्रा लो बजेट' करार तीन लाख डॉलरच्या आतल्या चित्रपटाला लागतो, त्यापुढची पायरी सात लाखांची. अडीच लाखांवर १० टक्के राखीव धरले तर पावणेतीन लाख होतात, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या अगदी जवळ आहात. मधेच कोणी 'अजून चाळीस हजार मिळतील' म्हणालं तर नटांचे दर आधी तपासा, मग हो म्हणा. जॉर्जियाची प्रसिद्ध करसवलत, २० टक्के आणि राज्याचं बोधचिन्ह दाखवल्यास आणखी १०, किमान पाच लाख डॉलर खर्चावर मिळते. तुमच्या हिशेबात ती धरू नका. आणि २२ बोलणारी पात्रं १८ दिवसांत जड जातात. १३-१४ वर आणा. बाकीच्यांना नाव, नातं आणि एखादं ठरलेलं काम द्या, संवाद नको. करारानुसार गर्दीतल्या माणसाला दिग्दर्शकाने एक वाक्य बोलायला सांगितलं की तो बोलणारा नट ठरतो आणि मानधन बदलतं. म्हणून 'तू पण काहीतरी ओरड' हे वाक्य सेटवर कोणीही सहज उच्चारू नये.

ज्युनिअर आर्टिस्ट एकेकटे घेण्यापेक्षा गावातली दोन-तीन खरी कुटुंबं, आठ-दहा माणसांची, पैसे देऊन बोलवा. त्यांचे चेहरे एकमेकांशी जुळतात, लेकरं त्यांच्याच आत्याच्या मांडीवर झोपतात, आणि कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा हे सांगावं लागत नाही. त्यांना तुमच्या तक्त्यातल्या एकेका शाखेत आख्खं बसवा.

९२ पानं, १८ दिवस म्हणजे दिवसाला पाच पानांहून थोडं जास्त. गर्दीचे दिवस चारच ठेवा आणि ओळीने ठेवा, सहावा ते नववा. पहिल्या दिवशी गर्दी नको, कारण नट अजून अनोळखी असतात. शेवटीही नको, कारण पाऊस आला तर पुढे दिवसच उरत नाही. उरलेल्या चौदा दिवसांत चार-पाच नटांचे प्रसंग घ्या. व्हरांडा, स्वयंपाकघर, वरची खोली. तिथे रीयुनियन नुसतं ऐकू येऊ द्या. खिडकीबाहेर दोन रंगांचे टी-शर्ट हलले आणि मागे पोरांचा गलका असला की प्रेक्षक साठ माणसं मनानेच बघतो.

महाराष्ट्रात शूटिंग केलेल्याची एक चूक जॉर्जियात हमखास होते. आपल्याकडे ऊन डोक्यावर येतं ते साडेबाराच्या थोडं पुढे. अटलांटाच्या परिसरात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं आणि हे शहर त्याच्या वेळपट्ट्यात बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे जुलैत सूर्य माथ्यावर येतो पावणेदोनच्या सुमारास. म्हणजे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पाडणारं ऊन पावणेबारा ते पावणेचार. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, सूर्यास्त नऊला दहाएक मिनिटं कमी असताना. गर्दीचे लांबचे शॉट सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात झाडाखाली, मांडवात किंवा घरात. दुपारी वादळी सरी ठरलेल्याच. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना आत घ्यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. त्यासाठी गर्दीच्या प्रत्येक दिवशी स्वयंपाकघरातला एक प्रसंग तयार ठेवा, नटांसह.

जेवणाच्या प्रसंगाला दोन पूर्ण दिवस द्या. एका दिवसात बसवायचा प्रयत्न केलात तर शेवटची दोन पानं, म्हणजे नेमकं भांडण, उजेड जाताना धावपळीत होईल. वीस माणसं एका लांब टेबलाला बसवू नका. माणशी दोन फूट धरले तर एका बाजूला दहा जण, वीस फूट लांबी. चौकटीत ती एक रांग दिसते, चेहरे दिसत नाहीत. टेबलं काटकोनात लावा आणि लहान मुलांचं टेबल वेगळं करा. ती खरी पद्धतच आहे. मोठ्यांच्या टेबलाला तेरा, पोरांच्या टेबलाला सात. अजून पोरांतच बसवलेला पस्तीस वर्षांचा अविवाहित नातू काही न बोलता आपली जागा सांगतो.

वीस माणसांत नजरांच्या १९० जोड्या होतात. सगळ्या सांभाळता येत नाहीत, सांभाळायच्याही नाहीत. मोठ्यांच्या टेबलावरच्या तेरा जणांचे तीन गट पाडा. आजी आणि जिच्यावर आरोप होणार ती मुलगी यांच्यामधली रेषा हा मुख्य अक्ष. कॅमेरे त्या रेषेच्या एकाच बाजूला. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवू नका, कोपऱ्यात काटकोनात बसवा. मग एकमेकांकडे वळून पाहावं लागतं, आणि पाहणं टाळणंही दिसतं. प्रत्येकाच्या जागेवर टेबलाखाली त्याच्या क्रमांकाची टेप चिकटवा, कारण जेवणाच्या सुट्टीनंतर माणसं चुकीच्या खुर्चीवर बसतात आणि ते संकलनाच्या वेळी कळतं. क्रम असा: सकाळी सगळ्यांचा मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट), मग एका दिशेचे सगळे शॉट, गट आणि जवळचे, मग एकदाच प्रकाश फिरवून दुसरी दिशा. मधे 'फक्त एक छोटा शॉट' म्हणून दिशा बदलली की ४० मिनिटं जातात. दुसरा कॅमेरा भाड्याने घ्यायचा असेल तर याच दोन दिवसांसाठी घ्या, आणि तो बोलणाऱ्यावर लावू नका. ऐकणाऱ्यांवर लावा.

लेन्स आणि ॲपर्चर यांचाही संबंध नात्याशीच आहे. सध्या सगळे एफ २ वर, म्हणजे लेन्स खूप उघडी ठेवून, शूट करतात. इथे ती सवय घातक आहे, कारण मागे बसलेली मावशी धूसर डाग होते. एफ ४ ते ५.६ ठेवा म्हणजे आरोप ऐकताना मागच्या रांगेत कोणाचा चमचा थांबला ते वाचता येतं. मास्टर ३२ ते ४० मिलिमीटरवर थोडं लांबून घ्या. फार रुंद लेन्स जवळ नेली की कडेचे चेहरे ताणले जातात, आणि कडेला बहुधा वडीलधारी माणसं बसलेली असतात.

अन्नाचं गणित वेगळं मांडा. अठरा सेटअप (कॅमेऱ्याच्या जागा), प्रत्येकी चार टेक म्हणजे बहात्तर टेक. एखादा नट त्यांतल्या आठ सेटअपमध्ये खाताना दिसत असेल तर त्याला ३२ वेळा घास घ्यावा लागेल. तळलेल्या कोंबडीचे ३२ घास कोणी खाऊ शकत नाही. पहिल्याच मास्टरमध्ये कोणत्या वाक्यावर कोणता घास हे ठरवा आणि तो कॉर्नब्रेडचा चिमूटभर तुकडा किंवा कोलार्डची भाजी असा हलका ठेवा. खुर्चीमागे थुंकायला झाकणाचा डबा असू द्या. आजीला जेवताना दाखवूच नका. ती वाढते. हे खरंही आहे आणि सोयीचंही. ॲलर्जी आणि डुक्कर न खाणारे नट यांची यादी आठवडाभर आधी घ्या. अनेक घरांत कोलार्डमध्ये आता स्मोक्ड टर्की घालतात, पण घालणारी कोण हे पात्र ठरवतं, सेटवरचा आचारी नाही. मेन्यूही तसाच: जॉर्जियातलं घर असेल तर पीच कॉबलर येईल, समुद्रकाठच्या 'गल्ला' नावाच्या कृष्णवर्णीय समाजाकडे लाल भात, लुइझियानात गंबो. पटकथेत नुसतं 'सोल फूड' (कृष्णवर्णीय घरांतलं पारंपरिक जेवण) लिहिलं असेल तर दिग्दर्शिकेला तिच्या घरची यादी विचारा. बटाट्याचं सॅलड कोणी केलं हा त्या टेबलावर गंभीर प्रश्न असतो, वाटेल त्याच्या हाती ते काम सोपवलं जात नाही.

त्याच सॅलडचा धोका वेगळा. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार असे पदार्थ बाहेर दोन तास ठेवता येतात, आणि ३२ अंश सेल्सियसच्या वर एकच तास. जुलैत तुम्ही वरच असणार. दाखवायचा वाडगा बर्फावर बसवा आणि तो कोणी खाऊ नये, खाण्याचे भाग कूलरमधून दर टेकला काढा. मॅकरोनी-चीज वीसेक मिनिटांत घट्ट होऊन चमक जाते, जवळच्या शॉटसाठी दुसरी ताजी थाळी ओव्हनमध्ये ठेवा. ग्लासात खरा बर्फ नको, ॲक्रिलिकचे तुकडे घाला, नाहीतर चहाची पातळी आणि रंग दर शॉटला बदलतो. माश्यांसाठी दोन टेकमध्ये जाळीची झाकणं, आणि पंधरा मीटरवर गोड सरबताची एक बशी. प्रत्येक सेटअपआधी टेबलाचा वरून फोटो.

ध्वनीचं सांगायचं तर वीस माणसांना वीस माइक लावायच्या फंदात पडू नका. दोन बूम (दांड्यावरचे माइक) आणि सहा ते आठ वायरलेस पुरतात. गटाप्रमाणे हलवा. मास्टरमध्ये सगळ्यांनी एकमेकांच्या बोलण्यावर बोलावं, जवळच्या शॉटमध्ये मात्र प्रत्येकाचं वाक्य सुटं. उलट केलंत तर संकलकाला कापायला जागाच राहत नाही. संवाद चालू असताना मागची माणसं मुकाट ओठ हलवतील, आणि त्यांचा गलका वेगळा ध्वनिमुद्रित करा: बोलणं, हसणं, पोरं, भांडी, टाळ्या, प्रत्येकी दोन मिनिटं, त्याच जागी, त्याच दिवशी. व्हरांड्यातल्या चौदा दिवसांना हाच आवाज पुरणार आहे. नवा, खळीचा टी-शर्ट छातीवरच्या माइकला खरखरतो, माइकच्या जागी आतून मऊ कापडाचा तुकडा शिवा. टेबलक्लॉथखाली जाड फेल्ट. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे रात्री चालू करायचं विसरणार नाही. जॉर्जियातल्या रातकिड्यांसारख्या सिकाडांचा आवाज सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेगवेगळा असतो. सकाळचा मास्टर आणि संध्याकाळचा क्लोज-अप जोडले की तो आवाज धक्का देतो. प्रत्येक सेटअपनंतर एक मिनिट नुसता परिसर मुद्रित करा, कितीही उशीर झालेला असो.

त्वचेवरचा प्रकाश हा या चित्रपटाचा गाभा आहे, त्यामुळे थोडं सविस्तर. एका काळी कोडॅकच्या प्रयोगशाळा रंग जुळवायला गोऱ्या स्त्रीचा नमुना-फोटो वापरत आणि गडद त्वचा त्यात दुर्लक्षित राहिली. ज्युली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा १९९१चा चित्रपट याच विषयाशेजारचा आहे. १९०२ साली दक्षिण कॅरोलायनाजवळच्या बेटावर पीझंट कुटुंब उत्तरेकडे निघण्याआधी एकत्र जेवायला जमतं, एवढीच घटना. बजेट सुमारे आठ लाख डॉलर. छायाचित्रकार आर्थर जाफा आणि डॅश यांनी कृष्णवर्णीय त्वचा अधिक चांगली दिसते म्हणून आग्फाची फिल्म निवडली, आणि मुख्यतः नैसर्गिक उजेडावर काम केलं. सनडान्समध्ये त्या छायाचित्रणाला पुरस्कार मिळाला. फिल्म कोणती हा प्रश्न आता उरला नाही, पण ती निवड ज्या विचारातून झाली तो विचार उरला आहे: आधी त्वचा, मग बाकी सगळं.

एकाच कुटुंबात अगदी गडद तपकिरीपासून फिक्या रंगापर्यंत छटा असतात आणि त्या एका चौकटीत येतात. चूक अशी होते की गडद चेहरा दिसावा म्हणून सगळं एक्स्पोजर वाढवतात. मग फिका चेहरा धुतला जातो आणि गडद चेहरा राखाडी, दुधाळ होतो. गडद त्वचा सपाट उजेडाने नाही, तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबाने आकार घेते. म्हणून मोठा, मऊ स्रोत बाजूने: आठ बाय आठ किंवा बारा बाय बारा फुटांचा कोऱ्या मांजरपाटाचा पडदा, आणि तो डोळ्यांत, गालाच्या हाडावर दिसेल इतका जवळ. गडद चेहऱ्याचा नट स्रोताजवळ, फिका लांब, किंवा फिक्याच्या वाटेत जाळी. फॉल्स कलरवर (मॉनिटरवर उजेडाची पातळी रंगांत दाखवणारी सोय) सगळ्यांना एकाच आकड्यावर आणू नका. गडद त्वचा ३० ते ४० टक्क्यांवर राहू द्या आणि तिच्यावरची चमक ५५-६५ पर्यंत जाऊ द्या, फिकी त्वचा ५० ते ६०. मेकअपमध्ये पावडर कमी, मॉइश्चरायझर जास्त, कारण चमक मारली की आकारच गेला. पोलरायझर लावायचा तर जपून, तो हीच चमक खातो. झाडाखाली गवताचा हिरवा परावर्तित उजेड त्वचेला आजारी करतो, चौकटीबाहेर जमिनीवर कोरं किंवा फिकट तपकिरी कापड अंथरा. चाचणी अर्धा दिवस, खऱ्या नटांबरोबर, त्याच टी-शर्टात, त्याच भिंतीसमोर. प्रकाश लावताना उभे राहणारे बदली लोकही त्याच छटांचे हवेत. नाहीतर तासभर लावलेला प्रकाश नट आल्यावर पुन्हा लावावा लागतो.

केसांसाठी वेण्या, लॉक्स (जटा), विग आणि सिल्क प्रेस (उष्णतेने सरळ केलेले केस) या सगळ्यांत हात बसलेली व्यक्ती नेमा. इथे काटकसर केलीत तर नट्या स्वतःचे केस स्वतः करून येतील आणि कन्टिन्युइटी, म्हणजे शॉट-शॉटमधला सारखेपणा, जाईल. बारीक वेण्यांना सहा-सात तासही लागतात, ते शूटिंगच्या दिवशी बसत नाही. सिल्क प्रेस केलेले केस जुलैच्या दमट हवेत दुपारपर्यंत फुगतात, त्या पात्राचे बाहेरचे प्रसंग सकाळी ठेवा. रात्रीच्या प्रसंगात बाई केस जपणारी सॅटिनची टोपी किंवा रुमाल न बांधता झोपलेली दाखवलीत तर त्या घरातला प्रत्येक प्रेक्षक तिथेच चित्रपटातून बाहेर येईल.

गाण्यांबाबत दिग्दर्शिकेशी पटकथेच्या टप्प्यावरच बोला. प्रत्येक गाण्याला दोन परवानग्या लागतात, रचनेची एक आणि ध्वनिमुद्रणाची दुसरी. नुसती महोत्सवापुरती परवानगी घेऊन पुढे जाणं धोक्याचं. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' १९७०च्या दशकात दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात झाला, १९९०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला, पण गाण्यांच्या हक्कांअभावी चित्रपटगृहात यायला २००७ उजाडलं. हक्कांनाच सुमारे दीड लाख डॉलर लागले. चर्चमधलं गाणं जुनंच असणार असं गृहीत धरू नका: 'अमेझिंग ग्रेस' हक्कांतून मोकळं आहे, 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' १९००चं, तेही मोकळं, पण थॉमस डॉर्सी यांचं 'प्रेशस लॉर्ड' १९३२चं आहे आणि त्याला परवानगी लागते. मोकळी रचना तुमच्याच नटांकडून गाऊन घ्या, दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण वापरू नका. रांगेतल्या नाचासाठी नवी धून करून घ्या आणि पाऊलही त्या कुटुंबाचं स्वतःचं बसवा. नाचताना संवाद असतील तर धून थांबवून नुसता खालच्या पट्टीतला ठोका वाजवा, तो नंतर गाळता येतो.

कागदपत्रांची प्रॉप बनवताना एक ठळक चूक वारंवार होते. गुलामीत असलेल्या पणजोबांचं नाव १८६०च्या जनगणनेत सापडल्याचा प्रसंग. तसं होत नाही. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असे, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. नावानिशी नोंद पहिल्यांदा १८७०ला. वंशावळ शोधणारी भाची १८७०पाशी अडते आणि त्यामागे वयांचे नुसते आकडे उरतात, हेच खरं आणि हेच प्रभावी.

जमिनीचा वाद कथेत असेल तर तोही तपासून घ्या. मृत्युपत्राशिवाय वारसांत सामाईक राहिलेली जमीन, एका वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, आणि त्या बाहेरच्याने कोर्टाकडून सगळीच लिलावात काढली. असं फार घडलं आहे. पण २०१०च्या नमुना कायद्यानंतर, जो जॉर्जियानेही स्वीकारला आहे, कोर्टाला आधी मूल्यांकन करावं लागतं आणि बाकीच्या वारसांना हिस्सा विकत घेण्याची संधी द्यावी लागते. पटकथेत 'सोमवारी लिलाव' असेल तर 'ठराविक दिवसांत इतके पैसे जमवा' असं करा. ताण वाढतोच, आणि वर्गणीचं टेबल पुन्हा कामाला येतं.

पत्त्यांचा स्पेड्स हा खेळ येणारे चार नट निवडा. दोन-दोनच्या जोड्या समोरासमोर, प्रत्येकी तेरा पानं. जोकर घेऊन खेळत असतील तर दोन दुर्र्या काढून ठेवतात. त्या घरात कोणता नियम चालतो ते लेखिकेला विचारा. गड्डी क्रमाने लावून तिच्या चार प्रती ठेवा, म्हणजे प्रत्येक टेकला तेच पान पडेल.

जुन्या रीयुनियनचे फोटो भिंतीवर हवे असतील तर ते कपड्यांच्या मापांच्या दिवशीच काढून घ्या, शूटिंग सुरू झाल्यावर नटांचे केस बदललेले असतात. चर्चमधल्या हातपंख्यांवर अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानाची जाहिरात असते, ती स्वतःच्या चित्रकाराकडून काल्पनिक नावाने करून घ्या.

सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो हा प्रसंग गर्दीच्या चौथ्या दिवशी, सकाळी सातला, चाळीस मिनिटांत उरका. तोवर शाखा आपापसात बसलेल्या असतात आणि तक्ता वाचून कोणाला उभं करावं लागत नाही. सर्वांत वृद्ध व्यक्ती मधे खुर्चीवर, सर्वांत लहान तिच्या मांडीवर. या वर्षी गेलेल्या माणसाची एक खुर्ची रिकामी ठेवायची की नाही ते दिग्दर्शिकेने आधी ठरवलेलं असावं, कारण ती खुर्ची दिसली की आदल्या रात्रीच्या, गेलेल्यांची नावं घेण्याच्या प्रसंगात त्याचं नाव उच्चारलेलं असलंच पाहिजे. आणि फोटोग्राफर 'झालं' म्हणाल्यावर कॅमेरा बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा. माणसं रांग मोडतात, कोणी पोराला उचलतं, कोणी आजीला हात देतं, दोन भाऊ न बोलता वेगवेगळ्या दिशांना जातात. त्यासाठी कॅमेऱ्याचं कार्ड त्या टेकआधी बदलून घ्या.